घरांतला डोळा

गेल्या भाद्रपदांत आमच्या मातोश्रींची एक पाटली हरवली. त्यांच्या लग्नांतली, दोन तोळ्यांची. जोडीची दुसरी अद्याप त्यांच्या डाव्या हातांत आहे. उजव्या मनगटाला सूज आल्यामुळें त्यांनीं ती काढून कोठें तरी ठेविली, आणि कोठें तें त्यांना आठवेना. वयाच्या चौऱ्यायशींव्या वर्षीं असें होण्यांत नवल नाहीं. परंतु घरांतून सोनें नाहींसें झालें कीं घरच्यांची नजर ज्या दिशेला वळते ती दिशा ठरलेलीच असते, आणि आमची नजरहि तिकडेच वळली.

आमच्याकडे बारा वर्षें एक मावशी कामाला येतात. आम्ही व आमच्या सौभाग्यवती सकाळीं आपापल्या नोकरीवर गेलों म्हणजे सायंकाळीं पांचपर्यंत घरांत मातोश्री आणि मावशी या दोघीच असतात. पाटली हरवल्यावर मावशींचें नांव कोणीं उच्चारलें नाहीं. उच्चारलें नाहीं, एवढाच काय तो आमचा सभ्यपणा. टोरोंटो येथें असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं मात्र फोनवर सुचविलें, "बाबा, आजीच्या खोलींत एक कॅमेरा कां नाही बसवत? ती पडली-बिडली तर लगेच कळेल." पडण्याचें कारण पुढें, पाटलीचें कारण मागें. ही मांडणी आम्हांला इतकी सोयीची वाटली कीं आम्हीं ती जशीच्या तशी उचलली.

घरांत बसविण्याचा बिनतारी कॅमेरा कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहतां बाजाराचा आहे. आम्हीहि तो तसाच समजून पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत गेलों. विजेच्या सामानासाठीं ही गल्ली पुणेकरांच्या परिचयाची आहे. दुकानदार तरुण व सौजन्यशील होता. त्यानें आमच्यापुढें सहा-सात डबे मांडले आणि प्रश्न विचारण्यास आरंभ केला. दोन मेगापिक्सेलचा हवा कीं चारचा? एकाच जागीं पाहणारा, कीं मान फिरविणारा? नुसता ऐकणारा, कीं आपल्याला त्यांतून बोलतांहि येईल असा? चित्रण कार्डावर ठेवणार, कीं कंपनीच्या संगणकांत? या प्रश्नांत तथ्य नाहीं असें नाहीं, आणि वाचकांपैकीं कोणास अशी खरेदी करावयाची असेल तर आम्हांला जें समजलें तें थोडक्यांत सांगून टाकणें बरें.

'बिनतारी' हा शब्द प्रथम अर्धाच खरा मानावा. चित्र वाय-फायवरून जातें, तेवढ्यापुरती तार नाहीं; परंतु घरांत ठेवण्याच्या बहुतेक कॅमेऱ्यांना विजेची तार लागतेच, आणि योग्य जागीं प्लगची सोय नसेल तर सारा बेत फसतो. वीज गेली म्हणजे कॅमेरा व राउटर हे दोघेहि एकदम निकामी होतात. दोघांनाहि बॅटरीचा आधार असेल तरच कांहीं उपयोग. वाय-फायच्या दोन लहरींपैकीं २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंतींतून अधिक चांगली पार जाते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान खरी, पण भिंतीपाशीं लवकर थकते, आणि जाड विटांच्या जुन्या घरांत हा भेद चांगलाच जाणवतो. मेगापिक्सेलचा मोह फारसा धरूं नये. राहत्या घरांतील एका खोलीसाठीं दोन मेगापिक्सेलचें चित्र माणूस ओळखण्यास पुरतें. काळोखांत हा कॅमेरा अवरक्त किरणांनीं पाहतो. ते किरण मनुष्याच्या डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून अंधारांत निजलेल्या माणसाला आपण कोणाच्या तरी उजेडांत आहों हें कळतहि नाहीं. खोलींत हालचाल झाली कीं फोनवर सूचना येते. ती पडदा हलल्याचीहि असते आणि भिंतीवरच्या पालीचीहि. चित्रण कार्डावर ठेविलें तर तें घरांत राहतें, परंतु चोरानें कॅमेराच उचलून नेला तर पुरावाहि त्याच्याबरोबर जातो. कंपनीकडे ठेविलें तर हें भय नाहीं. मात्र मग आपलें घर दुसऱ्याच्या घरांत जाऊन राहतें, आणि त्याबद्दल बहुधा भाडें आपणच भरतों.

दुसऱ्याच्या घरांत काय होतें याचा एक दाखला पुरे. अमेरिकेंतील 'रिंग' ही कॅमेऱ्यांची कंपनी ॲमेझॉनच्या मालकीची आहे. २०२३ सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशननें तिच्यावर असा आरोप ठेविला कीं तिच्या नोकरांना व कंत्राटदारांना ग्राहकांचें खाजगी चित्रण पाहतां येत होतें, आणि एका नोकरानें तर शयनगृहांत व स्नानगृहांत कॅमेरे लावलेल्या स्त्रियांच्या हजारों चित्रफिती पाहिल्या होत्या. कंपनीनें ५८ लाख डॉलर देण्याचें मान्य करून तें प्रकरण मिटविलें. आपल्याकडे, राजकोट येथील एका प्रसूतिगृहांतील कॅमेऱ्यांनीं टिपलेलें स्त्रियांच्या तपासणीचें चित्रण इंटरनेटवर विकलें जात असल्याचें २०२५ च्या फेब्रुवारींत उघडकीस आलें. तेव्हां कॅमेरा घेतलाच तर त्याचा परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, फोनवर येणाऱ्या संकेतांकाचें दुसरें कुलूप लावावें, आणि ज्याच्या डोळ्यावर झांकण ओढतां येतें असाच कॅमेरा निवडावा. हें शेवटचें आम्हांला सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि जाहिरातींत त्याचा उल्लेख सर्वांत लहान अक्षरांत असतो.

दुकानदारानें इतकें विचारलें. परंतु यांतून कोण दिसणार आहे, आणि आपण दिसतों हें त्याला ठाऊक असणार आहे काय, हें त्यानें विचारलें नाहीं. त्याचें तें कामहि नव्हे. काम आमचें होतें. मातोश्रींच्या खोलींत आमच्या वडिलांनीं जमविलेले केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड आहेत. त्यांतील दोन खंडांच्या मध्यें आम्हीं तो कॅमेरा अशा बेतानें बसविला कीं त्याचा काळा गोळा पुस्तकांच्या सावलींत मिसळून जावा. मातोश्रींना सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर त्यांनीं मावशींना सांगितलें असतें. मावशींना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता.

या गोष्टींतील विनोद असा कीं नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्ही पंचवीस वर्षें जेरेमी बेंथॅम शिकवीत आलों आहों. बेंथॅमच्या 'पॅनॉप्टिकॉन'चें नांव घेतलें कीं विद्यार्थ्यांना तुरुंग आठवतो: मध्यें एक मनोरा, सभोंवार वर्तुळांत कोठड्या, आणि मनोऱ्याच्या खिडक्यांना असे पडदे कीं आंत पहारेकरी आहे कीं नाहीं हें कैद्याला कधींच कळूं नये. त्याविषयींचें पुस्तक १७९१ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु या कल्पनेचें मूळ तुरुंगांत नाहीं. ती प्रथम सुचली जेरेमीचा भाऊ सॅम्युएल यास. रशियांत प्रिन्स पोटेम्किनच्या जहागिरीवर तो नोकरीस असतां, हाताखालच्या कामकऱ्यांवर एकाच जागेवरून देखरेख कशी ठेवतां येईल या विवंचनेंतून. म्हणजे तुरुंग मागाहून आला, आधीं आला तो कामकरी. ही गोष्ट आम्ही वर्गांत दर वर्षीं सांगतों, आणि ती सांगून झाल्यावर त्या आठवड्यांत आम्ही स्टाफरूममध्यें जाऊन फोन उघडीत होतों. (बेंथॅमच्या इच्छेप्रमाणें त्याचा सांगाडा कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत काचेच्या पेटींत बसविलेला आहे, आणि येणारे-जाणारे त्याला पाहत असतात. स्वतःच्या सिद्धांताला इतका जागलेला तत्त्वज्ञ विरळा.)

पहिल्या दिवशीं आम्हीं अकरा वेळां पाहिलें. मावशी केर काढीत होत्या. मावशी औषध देत होत्या. मातोश्री झोंपल्या होत्या. मावशींनीं कपाटाला हात लावला तेव्हां आमचा श्वास थांबला. त्यांनीं आंतून एक पातळ काढलें, झटकून पुन्हां घडी घातली आणि ठेवून दिलें. आमच्या मनांत त्या क्षणीं जें उमटलें त्याचें प्रामाणिक वर्णन करावयाचें तर तें समाधान नव्हतें. थोडीशी निराशाच होती. संशय घेणाऱ्याला आपला संशय खोटा ठरावा असें वाटत असतें, हा आमचा पूर्वींचा समज त्या दिवशीं गेला.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं मावशी मातोश्रींच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या डोक्याला तेल लावीत होत्या. पलंगावर बसण्याची त्यांना कोणी मनाई केली होती असें नाहीं. पण आमच्यादेखत त्या कधीं बसल्या नव्हत्या. त्या आपल्या मुलीविषयीं बोलूं लागल्या. काय बोलल्या तें येथें लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, ऐकण्याचाहि नव्हता. बोलतां बोलतां त्यांना रडूं आलें. मातोश्रींनीं त्यांचा तेलाचा हात आपल्या हातांत धरून ठेविला, आणि बऱ्याच वेळानें, बहुधा त्यांची समजूत घालण्यासाठींच, आपलें सांगितलें: "अगं, घरोघर तेंच. आमचा येतो, औषध घेतलंस का विचारतो, आणि जातो. बसत नाही." पुढचा तास वाजला म्हणून आम्ही फोन खिशांत टाकून वर्गांत गेलों. त्या तासाला काय शिकविलें तें आम्हांला आठवत नाहीं.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागांत ग्लॉकन एका अंगठीची कथा सांगतो. गायजीस कुळांतील एका धनगराला अशी अंगठी सांपडते कीं तिचा खडा आंतल्या बाजूस फिरविला म्हणजे तो अदृश्य व्हावा. तिच्या बळावर तो राणीला वश करतो, राजाला मारतो आणि राज्य बळकावतो. ग्लॉकनचा प्रश्न असा: आपल्याला कोणी पाहत नाहीं अशी खात्री असतां जो सज्जनच राहील असा माणूस आहे तरी काय? आम्हीं ही कथा नेहमीं चोराच्या बाजूनें शिकविली. कॅमेरा विकणाराहि तीच बाजू धरतो: पाहणारा नसेल तर मनुष्य घसरतो, म्हणून पाहणारा नेमा. परंतु त्या दुपारीं स्टाफरूमच्या कोपऱ्यांत बसलों असतां आमच्या ध्यानांत आलें कीं अंगठी मावशींच्या बोटांत नव्हतीच. मावशी तर दिसत होत्या, नखशिखांत. अदृश्य झालों होतों ते आम्ही, आणि अदृश्य होतांच तीन दिवसांच्या आंत आम्ही दोन बायकांचें दुःख चोरून ऐकलें होतें. आमच्यापैकीं कोणाचीहि वस्तु मावशींनीं घेतल्याचा पुरावा नाहीं. आम्हीं त्यांचें जें घेतलें त्याचा मात्र पुरावा कार्डावर तारीख-वेळेसह नोंदलेला होता.

ज्याला कांहीं लपवावयाचें नाहीं त्याला भय कसलें, असें यावर पुष्कळ सुशिक्षित लोक म्हणतात, आणि आम्हीहि म्हणत असूं. या युक्तिवादांत जें लपविलेलें आहे आणि जें दाखविण्यासाठीं नाहीं, या दोहोंचा घोटाळा आहे. मावशी रडल्या हें गुपित नव्हतें. त्या मातोश्रींपाशीं रडल्या, आमच्यापाशीं नव्हे, एवढेंच. आपल्या भाषेंत यासाठीं 'एकांत' हा फार जुना आणि सुंदर शब्द आहे, आणि एकांत एकट्याचाच असतो असें नाहीं. दोघांचाहि असतो. तिसरा आला कीं तो मोडतो. मग तो तिसरा दाराआड असो, कीं चार मैलांवरच्या महाविद्यालयांत असो.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीं काय निराळें होतें? आमचें बालपण शनिवार पेठेंतील एका वाड्यांत गेलें. चौकाभोंवतीं बिऱ्हाडें, दिवसभर दारें उघडीं, आणि कोणाकडे कोण आलें, किती वेळ बसलें, जातांना पिशवी जड होती कीं हलकी, याची नोंद समोरच्या काकू खिडकींतून अचूक ठेवीत. चोऱ्या होत नसत हें खरें. आम्ही त्या वाड्याचे गोडवे गाणार नाहीं. त्याच नजरेनें कित्येक मुलींचें व विधवांचें जिणें नकोसें केलें, हें आम्हीं स्वतः पाहिलेलें आहे. परंतु एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. काकू पाहत तेव्हां काकूहि दिसत. त्यांच्याकडे पाहून तोंड वांकडें करतां येई, दार लोटतां येई, "काय बघताय काकू?" असें विचारतां येई, आणि काकूंना लाज असेल तर त्या निदान डाळ निवडण्याचें निमित्त करीत. डोळ्याला डोळा भिडूं शके. ज्ञानकोशाच्या खंडांमधील डोळ्याला डोळा भिडत नाहीं.

घरगुती कॅमेऱ्याचा इतिहास आम्हीं मागाहून वाचला, आणि त्यांतील एका गोष्टीनें आम्हांला विचारांत पाडलें. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनें आपले पति आल्बर्ट यांच्यासह घरच्या सुरक्षिततेसाठीं दूरचित्रवाणीची एक योजना तयार केली. त्यांनीं १९६६ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजीं तें त्यांना मिळालें. तिच्या कामाच्या वेळा अनियमित, रात्री-बेरात्रीं घरांत एकटी. दाराला निरनिराळ्या उंचीवर भोकें, त्यांमागें खालींवर सरकणारा कॅमेरा, आंत पडदा, बाहेर उभ्या असलेल्या माणसाशीं बोलण्याची सोय, आणि दुरूनच कडी काढण्याची. म्हणजे पहिला घरगुती कॅमेरा दारावर होता आणि त्याचें तोंड बाहेर होतें. पाहणारी स्त्री आंत होती, भ्यालेली होती, आणि जो दिसत होता तो परका होता. साठ वर्षांच्या आंत त्याच कॅमेऱ्यानें पाठ फिरविली. आतां तो आंत पाहतो, पाहणारा बाहेर असतो, आणि जी दिसते ती बहुधा घरांतली सर्वांत दुबळी व्यक्ति असते: म्हातारी, मूल, किंवा मोलकरीण.

कायद्याकडे पाहावें तर तो उंबऱ्यापाशीं थबकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानें निर्णय दिला. पण २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेनें केला, त्यांतून एखाद्या व्यक्तीनें निव्वळ वैयक्तिक अथवा घरगुती कारणासाठीं केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. चोरून विवस्त्र चित्रण करणें हा अर्थातच गुन्हा आहे. त्याच्या अलीकडे जें कांहीं आहे तें बहुतेक घरमालकाच्या सद्‌बुद्धीवर सोपविलेलें आहे, आणि घरमालकाच्या सद्‌बुद्धीचा नमुना वर आलाच आहे.

कौटिल्याला कोणी भोळा म्हणणार नाहीं. राजानें अमात्यांची गुप्तपणें परीक्षा कशी घ्यावी, धर्माचें, द्रव्याचें, कामाचें, भयाचें आमिष दाखवून कोण ढळतो हें कसें पाहावें, याचा त्यानें 'अर्थशास्त्रा'च्या आरंभींच तपशीलवार विधि दिला आहे. आणि तो देऊन झाल्यावर हाच कठोर पुरुष बजावतो कीं परीक्षेच्या पायीं निर्दोष माणसाला दूषित करूं नये. कारण एकदां ढवळलेलें मन पूर्ववत् होईलच असें नाहीं. आमच्या मतें घरांत कॅमेरा बसविणाऱ्या प्रत्येकानें या एका सूचनेचा विचार करावा. परीक्षा घेतल्यानें माणूस आहे तसा कळतो, असें आपण गृहीत धरतों. परंतु परीक्षेचा सुगावा लागतांच तो माणूस आणि आपण, दोघेहि आधींचे राहत नाहीं. शिवाय, बारा वर्षें मावशींच्या हातीं घराची किल्ली होती ती त्यांच्यावर आमचें लक्ष होतें म्हणून नव्हे. लक्ष नव्हतें, आणि तरी किल्ली होती. विश्वास असतो तो न पाहिलेल्या वेळेवरच. पाहून झालेल्या वेळेला विश्वासाची गरज काय?

हें सर्व लिहितांना आमच्या एका तरुण सहकारी बाईंचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढें आहे. सात महिन्यांचें मूल एका दाईवर सोंपवून त्या सकाळीं आठला घर सोडतात, आणि मधल्या सुटींत कॅमेऱ्यांत त्या मुलाला पाहून घेतात तेव्हां कोठें दोन घांस त्यांच्या घशाखालीं उतरतात. त्यांना आम्ही काय उपदेश करावा? मूल बोलूं शकत नाहीं; मुलाच्या वतीनें कोणी तरी पाहिलेंच पाहिजे. म्हणून आम्ही कॅमेऱ्याचे शत्रु नाहीं. त्या बाईंनीं मात्र दाई कामावर आली त्या पहिल्याच दिवशीं तिला कॅमेरा दाखविला, तो काय पाहतो तें फोनवर दाखविलें, आणि स्वयंपाकघरांत व मागच्या खोलींत तो नाहीं हेंहि सांगितलें. दाईला तें आवडलें असेल असें नाहीं. पण नोकरी घ्यावी कीं न घ्यावी हें ठरविण्याची तिला मोकळीक होती. आमच्या मावशींना तशी मोकळीक आम्हीं दिली नाहीं.

आठव्या दिवशीं आम्हीं कॅमेरा काढला, आणि रविवारीं सकाळीं मावशींना सांगितलें. न सांगतांहि भागलें असतें. आमच्या सौभाग्यवतींचें मत तसें होतें, आणि त्यांच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. जें कळलें नाहीं त्याचें दुःख नाहीं, असें त्यांचें म्हणणें. पण मग तें कार्ड आमच्या टेबलाच्या खणांत आणि ती दुपार आमच्या डोक्यांत कायमचीच राहिली असती, आणि मावशींशीं बोलतांना आम्ही नेहमींच अंगठी घालून उभे राहिलों असतों. मावशींनीं ऐकून घेतलें. त्यांनीं एकच विचारलें, "कधीपासून, सर?" आम्ही म्हणालों, "सोमवारपासून." त्यांनीं मनाशीं दिवस मोजले असावेत. "बरं," म्हणाल्या, आणि राहिलेलीं भांडीं घांसून, ओटा पुसून, नेहमींच्या वेळेला गेल्या. दुसऱ्या दिवशीं आल्याहि. येणार नाहींत असें आम्हांला वाटलें होतें. पण महिन्याचे पैसे आणि एकाच इमारतींत मिळणारीं तीन कामें सोडून देण्याइतका मान धरणें परवडावें लागतें.

आतां तो कॅमेरा आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मुख्य दाराकडे तोंड करून आहे. येणाराला तो दिसतो. त्याचा कान आम्हीं बंद करून ठेविला आहे, आणि घरीं कोणी कर्तें माणूस असेल तेव्हां त्याच्यावर झांकण असतें. झांकण कसें ओढावयाचें हें मातोश्रींना व मावशींना आम्हीं दाखवून ठेविलें आहे. मातोश्री पडल्या तर काय, हा प्रश्न खराच होता. त्यासाठीं आम्हीं एक बिनतारी घंटा आणली. तिचें बटण दोरीनें त्यांच्या गळ्यांत असतें. एक घंटा आमच्या खोलींत वाजते, दुसरी शेजारच्या बिऱ्हाडांत. कॅमेऱ्यापेक्षां ती पुष्कळ स्वस्त पडली. ती कांहीं पाहत नाहीं. बोलावलें तर येते, आणि बोलावणें मातोश्रींच्या हातीं आहे. गेल्या महिन्यांत त्यांनीं ती एकदांच दाबली, रात्रीं दीड वाजतां, खिडकी लावण्यासाठीं. चिरंजीवांना ही व्यवस्था पसंत नाहीं. "आणि चोर आंतलाच असला तर?" असें त्यांनीं विचारलें. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाहीं. पाटली अद्याप सांपडलेली नाहीं. पेट्या, डबे, तांदळाचें पिंप, गाद्यांच्या खोळी, सर्व पाहून झालें. ती सांपडली असती तर हा लेख लिहिणें पुष्कळ सोपें झालें असतें.

मावशी आतां पलंगावर बसत नाहींत. तेल लावावयाचें असलें कीं स्टूल ओढून घेतात. खोलींत पाऊल टाकतांना त्यांची नजर प्रथम ज्ञानकोशाच्या फळीकडे जाते. ते दोन खंड आम्हीं एकमेकांना चिकटवून ठेविले आहेत, तरी जाते.

मातोश्रींनीं या प्रकाराबद्दल राग धरला नाहीं. दुपारचा चहा घेतांना त्यांनीं फक्त एवढें विचारलें, "मग आमचं बोलणंहि ऐकू येत होतं का रे त्यांतून?" आम्हीं "नाही" म्हणून सांगितलें. आवाजाचें यंत्र बिघडलेलें होतें, असेंहि वर जोडलें. त्या रात्रीं आम्ही जेवणानंतर त्यांच्या खोलींत जाऊन तासभर बसलों, आणि आतां बहुतेक रोज बसतों. एकदां त्यांनीं आमच्याकडे जरा निरखून पाहिलें, आणि पुन्हां जपमाळ हातांत घेतली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या मासिकें पुन्हां वाचूं लागल्या आहेत. हा अंक त्यांच्या हातीं पडण्यापूर्वीं त्यांना खरें सांगावें असें आम्हीं योजिलें आहे. परंतु छपाईची तारीख जवळ आली आहे, आणि अद्याप आम्हीं सांगितलेलें नाहीं.